घडाघडा वाचण्याचे दिवस

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मुलांच्या परीक्षा आहेत, कृपया टीव्हीचा आवाज कमी ठेवा. कल्याणच्या या सात मजली इमारतीत मग पंधरा-वीस दिवस एक दबकी शांतता उतरते. जिना उतरताना बंद दारांमागून वाचनाचे आवाज येतात. माझी शेवटची परीक्षा होऊन कित्येक वर्षं झाली. ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी दिवसभर इंग्रजी रिपोर्ट वाचते, लिहिते, कुठे अडखळत नाही. तरीही दाराआडून एखादं मूल न थांबता, एका सुरात, भराभर इंग्रजी वाचताना ऐकलं की माझा पाय पायरीवर थबकतो. बेल वाजवून विचारावंसं वाटतं, कळतंय का रे तुला हे? विचारत नाही. मला त्या वयात कुणी विचारलं असतं तर मी "हो" म्हणाले असते.

मी अकरावीला होते तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या कडेच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा. मार्चमध्ये दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा आणि तरी खिडकी उघडता यायची नाही, कारण वारा पडला की बाहेरचा वास आत येऊन बसायचा. कधी नेलपॉलिशसारखा गोडसर, कधी डोळे चुरचुरतील असा. बाबा एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम पिवळ्या असायच्या, कितीही साबण लावला तरी. आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. शिवणयंत्राची खडखड, पत्र्याची कडकड, बंद खिडकी आणि त्या सगळ्याच्या मधोमध चटईवर पुस्तक उघडून मी. तो उन्हाळा आठवला की मला अजूनही आधी श्वास कोंडल्यासारखं होतं, मग बाकीचं आठवतं.

दहावीला मी आमच्या मराठी शाळेत पहिली आले होते. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने नाव लिहिलेलं. पहिली आलेल्या मुलीने सायन्सला जायचं असतं, हे जणू आधीच ठरलेलं होतं. मलाही तसंच वाटत होतं. विज्ञान मला खरंच आवडायचं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मी शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या आणि घरी येऊन आईला सांगितलं होतं की आपण कांदा चिरतो तेव्हा हजारो खोल्यांच्या भिंती पाडतो.

कॉलेजमध्ये सगळं इंग्रजीत. पेशीला सेल, केंद्रकाला न्यूक्लियस, प्रकाशसंश्लेषणाला फोटोसिंथेसिस. हे मी पंधरा दिवसांत पाठ केलं. मोठ्या शब्दांची भीती सगळ्यांनी घातलेली, पण मोठे शब्द सरळ निघाले. एका वस्तूचं एक नाव. मला अडवलं ते बारक्यांनी. व्हेअरअ‍ॅज. डिस्पाइट. हेन्स. रिस्पेक्टिव्हली. बायोलॉजीच्या देशमुख मॅडम ते शिकवत नसत. ते शिकवायचे शब्द आहेत असं कुणालाच वाटत नव्हतं. वाक्यातल्या सगळ्या वस्तू मला ओळखू यायच्या, पण त्यांनी एकमेकींचं काय केलं ते कळायचं नाही.

स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून एक खिशात मावेल एवढा शब्दकोश आणला होता. तो एका शब्दाला एकच अर्थ द्यायचा. कल्चर म्हणजे संस्कृती. पुस्तकात बॅक्टेरियाचं कल्चर होतं. मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, जिवाणूंची संस्कृती. एक्झिबिट म्हणजे प्रदर्शन भरवणे. वनस्पती वाढीचं प्रदर्शन भरवतात. आता हे सांगताना लॅबमधल्या मैत्रिणी पोट धरून हसतात, मीही हसते. तेव्हा मी ती वाक्यं पाठ करत होते.

पहिल्या युनिट टेस्टला पंचवीसपैकी सहा मिळाले. 'वगळता' या अर्थाचा 'एक्सेप्ट' हा 'स्वीकारणे' समजून मी 'यांपैकी कोणता अपवाद आहे' या प्रकारचे सगळे प्रश्न उलटे सोडवले होते. गुणपत्रकावर वडिलांची सही आणायची होती. ती मीच केली. दुसऱ्या टेस्टलाही मीच केली. वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसायचे, सगळ्यांनी मान हलवली की हलवायचे, सगळे हसले की हसायचे. आर्ट्सला बदलून घेता आलं असतं, पण त्यासाठी घरी सांगावं लागलं असतं. आणि घरी तर आई फॉल लावायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगत होती, "आमची सायन्सला आहे."

एक गोष्ट मात्र मला उत्तम येत होती. मोठ्याने वाचणं. उच्चार मी कॉलेजातल्या मुलींचे ऐकून उचलले होते. संध्याकाळी पुस्तक उघडलं की मी पानंच्या पानं घडाघडा वाचायचे, कुठेही न थांबता, कारण थांबलं की भीती वाटायची. ते वाचन अभ्यासासाठी नव्हतंच. ते घरच्यांना ऐकू जावं म्हणून होतं. आई पायडल हळू मारायची, माझ्या आवाजाच्या आड यंत्र यायला नको म्हणून. शेजारच्या काकू दारात टेकून ऐकायच्या. "काय गं बोलते पोरगी!" म्हणायच्या. मी आणखी वेगाने वाचायचे. त्या वेगातून बाहेर कसं पडायचं ते मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता बाबांचा डावा हात भाजला. पाइपच्या जोडातून अ‍ॅसिड उडालं. तळहात आणि मनगट. दवाखान्यातून पट्टी बांधून घरी आले आणि तीन आठवडे घरीच राहिले. बाबांना दिवसा घरात पाहायची मला सवय नव्हती. ते भिंतीला टेकून बसायचे, हात उशीवर ठेवलेला, आणि माझं वाचन ऐकायचे. डोळे मिटून, गाणं ऐकावं तसे.

चौथ्या-पाचव्या दिवशी कारखान्यातले सावंत आले. टाइम ऑफिसमध्ये, कामगारांच्या हजेरीच्या कामावर होते ते. बाबांना बरीच वर्षं ओळखत होते, येताना केळी घेऊन आले. चहा झाला. मग त्यांनी बॅगेतून एक टाइप केलेला कागद काढला.

"एक फॉर्मॅलिटी आहे, दिनूभाऊ. अपघात कसा झाला त्याचं स्टेटमेंट. इथे सही करा."

बाबांनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. "इंग्रजीत आहे," ते म्हणाले.

"साहेबांकडे जायचंय ना, म्हणून."

"मग वैशू वाचेल," बाबा म्हणाले आणि कागद माझ्याकडे दिला. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आजही ओळखते. त्यांना सावंतांना दाखवायचं होतं.

मी वाचला. घडाघडा. एकदाही अडखळले नाही. सावंत म्हणाले, "फाडफाड बोलते हो!" बाबा हसले. मग म्हणाले, "आता मराठीत सांग. काय लिहिलंय?"

पत्रा वाजत होता. आईचं यंत्र थांबलेलं. सावंतांच्या हातात कप. मी पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं. मधलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'डिस्पाइट बीइंग प्रोव्हायडेड विथ अ‍ॅडिक्वेट हँड प्रोटेक्शन, द सेड एम्प्लॉई फेल्ड टू यूज द सेम.' त्यातलं हँड, प्रोटेक्शन, फेल एवढं मला येत होतं. मी ते तीन शब्द धरले आणि उडी मारली.

"लिहिलंय की कंपनीने हाताला प्रोटेक्शन दिलेलं. ते फेल झालं. म्हणून हात भाजला. मग दवाखान्यात नेलं."

बाबांचा चेहरा खुलला. "तेच. अगदी तेच झालेलं. ग्लोव्हजला भोक होतं. मी दोनदा सांगितलेलं बदलून द्या म्हणून." त्यांनी सावंतांकडे पाहिलं. "बरं झालं, तुम्ही नीट लिहून घेतलंत."

सावंतांनी कप खाली ठेवला. पेनाचं टोपण काढून पेन बाबांपुढे धरलं. बाबांनी उजव्या हाताने सही केली. सावंतांनी एक झेरॉक्स आमच्यासाठी ठेवली आणि निघाले. केळी खूप गोड होती, हेही मला आठवतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना, मी बॉटनीचा एक धडा वाचत होते. दुपार होती, बाबांचा डोळा लागला होता म्हणून मनातल्या मनात वाचत होते. मोठ्याने वाचायचं नसलं की वेग आपोआप उतरतो. एका वाक्यावर मी थांबले. पेशीची भिंत जाड, डिस्पाइट, पाणी आत शिरतं. वर्गात मॅडमनी आकृती काढलेली मला आठवत होती, त्यामुळे काय घडतं ते ठाऊक होतं. भिंत जाड आहे, तरी पाणी शिरतं. म्हणजे डिस्पाइट हा तो 'तरी' असणार. शब्दकोश उघडला. असूनही, असे असतानाही. पहिल्यांदाच मी एका शब्दाचा अर्थ आधी स्वतः काढला होता आणि मग शब्दकोशात पाहिला होता. क्षणभर मला विलक्षण आनंद झाला.

आणि लगेच आठवलं, हा शब्द मी मोठ्याने म्हटलाय. सावंतांसमोर.

झेरॉक्स कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत होती. ती काढून मी मोरीजवळच्या कोपऱ्यात बसले. एका वाक्याला मला जवळजवळ दोन दुपारी लागल्या. प्रोव्हायडेड, पुरवलेले. अ‍ॅडिक्वेट, पुरेसे. सेड, हा मी 'सांगितले' धरत होते. दुसऱ्या दिवशी कळलं की तो 'सदर'. फेल्ड टू यूज. मला फेल म्हणजे नापास एवढंच माहीत होतं. शब्दकोशात 'फेल'च्या शेवटी बारीक अक्षरात होतं, न करणे, चुकणे. मी तुकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि जोडले. पुरेशी संरक्षक साधने पुरवलेली असूनही सदर कामगाराने ती वापरली नाहीत.

मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं इंग्रजी वाक्य, कुणाच्या मदतीशिवाय, शेवटच्या शब्दापर्यंत समजून घेतलं होतं. ते माझ्या वडिलांविरुद्ध होतं आणि खाली त्यांची सही होती.

आधी आईला सांगितलं. बाबा दवाखान्यात पट्टी बदलायला गेले होते. आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"अगं, मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"मला येत नव्हतं."

"काय येत नव्हतं?"

"इंग्रजी."

"रोज वाचतेस ते?"

"नुसतं वाचते."

आईने यंत्रावरची साडी बाजूला सारली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एवढे महिने एकटीच बसून होतीस गं?" आणि मग मला रडू आवरेना.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी मला कागद पुन्हा वाचायला लावला, एक एक शब्द, आणि प्रत्येक शब्दानंतर अर्थ. मी वाचत होते आणि ते मान हलवत होते, शाळेत बसल्यासारखे. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे चूक माझी, असं मीच लिहून दिलं." मग माझ्याकडे वळून, "आणखी काय आहे?" मी युनिट टेस्टची दोन्ही गुणपत्रकं आणून ठेवली. त्यांनी गुण पाहिले, सही पाहिली. माझ्या सहीखाली त्यांनी सावकाश आपली सही केली, दोन्हींवर. "आता वाचून केली," म्हणाले. मग चपला घालून बाहेर गेले आणि नळाजवळच्या कट्ट्यावर बराच वेळ एकटेच बसून राहिले. मी दारातून त्यांची पाठ पाहत होते. मारलं असतं तरी चाललं असतं, असं वाटण्याचे ते दिवस.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्याच्या साहेबांना अर्ज लिहायला बसलो. बाबा मराठीत सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार. माझ्याकडे इंग्रजी होतं ते सगळं बायोलॉजीच्या पुस्तकातलं. त्यामुळे आमचा अर्ज प्रयोगाच्या वहीसारखा झाला. ग्लोव्हज फाटलेले आढळून आले. ही बाब दोनदा निदर्शनास आणली गेली होती. तथापि ते बदलले गेले नाहीत. 'तथापि'साठी हाउएव्हर चालेल का, याची खात्री नव्हती. तो शब्द मी पुस्तकात चार ठिकाणी शोधला, चारही वाक्यांत तो काय करतो ते पाहिलं आणि मगच वापरला.

लिहून झाल्यावर मी बाबांना अर्थ सांगत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण यात मी कुठे आहे? मी सांगितलेलं ना, मी."

मी पुस्तक चाळलं. पुस्तकात कुठेच 'मी' नव्हता. पाहिलं जातं, मोजलं जातं, आढळून येतं. पाहणारा माणूस कुठल्याच पानावर सापडेना. "इंग्रजीत असंच लिहितात, बाबा," मी म्हणाले. आता मला माहीत आहे की तसं नाही. मला तेवढंच येत होतं.

बाबा अर्ज घेऊन कारखान्यात गेले. साहेबांनी वाचला आणि विचारलं, "वकील केलात काय?" बाबा म्हणाले, "मुलीने लिहिलाय. अकरावीला आहे." साहेबांनी अर्जावर मिळाल्याचा शिक्का मारून एक प्रत परत दिली. पहिला कागद काही बदलला नाही, सही झालेली होती. हात बरा झाल्यावर बाबा कामावर गेले तेव्हा त्यांना पॅकिंगला टाकलं होतं. चौदा वर्षं ते ऑपरेटर होते. कोणता व्हॉल्व्ह कधी कुरकुरतो ते त्यांना आवाजावरून कळायचं. पुढे निवृत्त होईपर्यंत ते पॅकिंगलाच राहिले. नखं हळूहळू स्वच्छ झाली. आई म्हणायची, बरंच झालं, धोक्याचं काम गेलं. 

परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. उरलेल्या दिवसांत मी मोठ्याने वाचणं सोडलं. घर एकदम शांत झालं. काकूंनी आईला विचारलंही, पोरीला बरं नाही का. मी एका वाक्यावर बसून राहायचे. ते उघडल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. दिवसाला दीड-दोन पानं व्हायची. शब्द एकदा भेटून कळत नाही, हे तेव्हा कळलं. पहिल्यांदा तो नुसता दिसतो, दुसऱ्यांदा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, तिसऱ्यांदा तो काय काम करतो ते उमगतं. रिस्पेक्टिव्हलीपाशी मी अशीच दोन दिवस अडले होते, आणि मग लक्षात आलं की हा तर आपला 'अनुक्रमे'. पाचवीपासून गणितात वापरत आलेला. तो माझ्याजवळ होताच, मी त्याला दुसऱ्या कपड्यांत ओळखलं नव्हतं. मी मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, इतकं हसू आणि इतकं रडू एकदम आलं.

बायोलॉजीत मी काठावर पास झाले. फिजिक्समध्ये चार गुण कमी पडले, ते वाढवून देऊन मला बारावीत ढकललं. बारावीला बरे पडले. डॉक्टर झाले नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. पुढे लॅबचं शिक्षण घेतलं, नोकरी लागली, इंग्रजी वाचणं श्वासासारखं झालं. पण एक सवय गेली नाही. माझ्या हाताखालचा प्रत्येक रिपोर्ट मी दोनदा वाचते, दुसऱ्यांदा मनातल्या मनात मराठीत. सोबतचे लोक म्हणतात, तू फार हळू आहेस. मी आहे. कुठल्याही सहीआधी माझी बोटं थंड पडतात, साध्या कुरिअरच्या वहीतसुद्धा. त्या बंद खिडकीच्या खोलीतून मी पूर्ण बाहेर आले आहे का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

आणि एक गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. त्या दिवशी मी खोटा अर्थ सांगितला नसता, "मला कळत नाही" एवढं जरी म्हणाले असते, तर बाबा ऑपरेटर राहिले असते का? हा प्रश्न दर मार्चला माझ्या मानगुटीवर बसायचा आणि पाऊस सुरू होईपर्यंत उतरायचा नाही.

गेल्या रविवारी मी डोंबिवलीला आई-बाबांकडे गेले होते. आता ते एका लहान फ्लॅटमध्ये राहतात, स्टेशनच्या बाजूला, खिडक्या उघड्या ठेवता येतात अशा. आई कैऱ्या किसत होती. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते, डाव्या हातावरची गुळगुळीत, गुलाबी कातडी उन्हात चमकत होती. मी विचारलं. कशी काय, माहीत नाही, पण विचारलं.

"बाबा, त्या दिवशी मी खरं काय लिहिलंय ते सांगितलं असतं, तर तुम्ही सही केली नसतीत ना?"

त्यांनी पेपर खाली केला. कोणत्या दिवशी, असं विचारलं नाही.

"केली असती," ते म्हणाले.

"असं का म्हणता?"

"अगं, सावंत सही घ्यायलाच आलेला. त्याला तशी ऑर्डर होती. मी नाही म्हटलं असतं तर कामावर परत गेल्यावर मला गेटवरच थांबवलं असतं. तुझी परीक्षा, घरात पगार आणणारा मी एकटा. सही करावीच लागली असती."

आईची किसणी थांबली होती. मला वाटलं, आता माझ्या छातीवरून काहीतरी उतरेल. इतकी वर्षं मी ज्याची शिक्षा भोगत होते ते माझ्यामुळे झालंच नव्हतं.

"म्हणजे काहीच फरक पडला नसता," मी म्हणाले.

बाबांनी पेपरची घडी घातली. मला बरं वाटावं म्हणून ते "हो" म्हणू शकले असते. पण बाबा माझ्याशी कधी खोटं बोललेले नाहीत.

"पडला असता की," ते म्हणाले. "मी समजून केली असती."